हर्बल अर्क घेताना या चुका टाळा: डबीवरच्या आकड्यांचा खरा हिशेब

सोलापूरच्या नवी पेठेत कुठल्याही मेडिकलमध्ये अश्वगंधा मागा, काउंटरवर दोन-तीन डब्या येतात. एकीवर ५०० मिग्रॅ, दुसरीवर ३०० मिग्रॅ, आणि बऱ्याचदा ३०० वालीच महाग. गिऱ्हाईक म्हणतं, "पाचशेवालीच द्या की ओ अण्णा, जास्त पण आहे आन् स्वस्त पण." दुकानदारही देऊन टाकतो. संध्याकाळच्या गर्दीत कोण समजावत बसणार?

आता डबी फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ५०० वालीत मुळाचं साधं चूर्ण कॅप्सूलमध्ये भरलेलं असतं. अश्वगंधाची ताकद तिच्यातल्या विथानोलाइड्स नावाच्या घटकांवरून मोजतात. मुळात ते साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरा, म्हणजे ५०० मिग्रॅमध्ये अडीच मिग्रॅ. ३०० वालीत मुळाचा अर्क आणि खाली "विथानोलाइड्स ५ टक्के" असं छापलेलं. ३०० चे ५ टक्के म्हणजे १५ मिग्रॅ. 'कमी पॉवर'ची डबी सहापट निघाली.

चूर्ण वाईट असं नव्हे. आयुर्वेदिक फार्माकोपियात (अधिकृत औषधसंहितेत) अश्वगंधा चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. तेवढं कॅप्सूलमधून घ्यायचं तर ५०० मिग्रॅच्या ६ ते १२ कॅप्सूल लागतील. त्यापेक्षा सरळ चूर्ण आणून दुधात कालवलेलं परवडतं.

अर्क चमच्याने घेणं

ही चूक वरच्या चुकीच्या बरोबर उलटी, आणि जास्त धोक्याची. हल्ली अर्काची पावडर सुटी, पाकिटात, ऑनलाइन मिळते. घरात आजीच्या काळापासून "एक चमचा अश्वगंधा दुधातून" ठरलेलं असतं, त्यामुळे तोच चमचा अर्काच्या पाकिटात जातो. सपाट चमच्यात अंदाजे ३ ग्रॅम पावडर बसते. ५ टक्क्यांच्या अर्काचे ३ ग्रॅम म्हणजे १५० मिग्रॅ विथानोलाइड्स. माणसांवरच्या बहुतेक अभ्यासांत दिवसाला ३०० ते ६०० मिग्रॅ अर्क दिलेला असतो, म्हणजे या हिशेबाने १५ ते ३० मिग्रॅ. चमचेवाले काका पाच-दहापट घेत बसतात आणि दुपारी गुंगी येते, पोट ढिलं होतं म्हणून दुधाला दोष देतात. अर्काच्या पावडरीला स्वयंपाकघरातला चमचा लावूच नका. सोबत मापाची चमची दिली नसेल तर ते पाकीट घेऊ नका.

हळदीचं गणितही असंच. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि त्याच्या जातीचे पिवळे सक्रिय घटक) साधारण ३ टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत ९० मिग्रॅच्या आसपास. "९५ टक्के" लिहिलेल्या ५०० मिग्रॅच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिग्रॅ. पाच चमचे हळद एका घोटात! "हळदच तर आहे, काय होतंय" हे वाक्य भाजीतल्या हळदीपुरतं ठीक आहे.

१०:१ म्हणजे दहापट ताकद समजणं

१०:१ चा अर्थ एवढाच की १० किलो वनस्पतीपासून १ किलो अर्क निघाला. वनस्पती जुनी, निःसत्त्व असेल तरी १०:१ लिहिता येतं. पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर अर्कात काय उतरलं ते ठरतं. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे हळदीचा पाण्यात काढलेला १०:१ अर्क कर्क्युमिनच्या बाबतीत रिकामाच असू शकतो. अर्क सुकवताना तो चिकटू नये म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मिसळतात. ते किती मिसळलं हे प्रमाणावरून कळेलच असं नाही.

आपल्याकडे काढा करताना एक भाग औषधाला १६ भाग पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायची रीत आहे. तो काढा आणखी आटवून घन केला की घनवटी. वैद्य घनवटी देतात तेव्हा ती कुठल्या वनस्पतीची, कशी केली, हे त्यांना माहीत असतं. ऑनलाइन मागवलेल्या डबीवर नुसते दोन आकडे आणि मध्ये दोन टिंबं असतात.

आणि ती टिंबं उलटी पण येतात. द्रवरूप टिंक्चरवर (वनस्पती अल्कोहोलमध्ये मुरवून केलेल्या औषधावर) १:५ लिहिलेलं असेल तर १ ग्रॅम वनस्पतीला ५ मिली द्रव. म्हणजे १:२ हे १:५ पेक्षा तेज. होमिओपॅथीतली ३० किंवा २०० पोटेन्सी हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे आकडा जितका मोठा, तितकं औषध जास्त वेळा पातळ केलेलं. या तीन बाटल्यांचे आकडे एका रांगेत मांडून तुलना करू नका.

गुळवेल सत्त्वाबद्दलही तोच गैरसमज. गुळवेलीच्या कांडांचा चेचून केलेला पाण्यातला कोळ ठेवला की तळाशी जे पांढरं बसतं, त्यात मुख्यतः स्टार्च असतं. त्याचा उपयोग वैद्य जाणोत. पण ते 'दहापट गुळवेल' नाही.

टक्के कशाचे, हे न विचारणं

सोलापूरच्या माणसाला हे डाळिंबावरून लगेच कळेल. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात भगवा जातीचं डाळिंब पिकतं, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. डाळिंबाचा अर्क सालीपासून काढतात, आणि सालीची खासियत म्हणजे प्युनिकॅलाजिन नावाचं टॅनिन (तुरट घटक). ते मोडून एलॅजिक ॲसिड तयार होतं. पण एलॅजिक ॲसिड काही डाळिंबाचीच मक्तेदारी नाही, ते इतर स्वस्त झाडांपासूनही मिळतं. तरी डबीवर ठळक काय? "एलॅजिक ॲसिड ४० टक्के", कुठे "९० टक्के". नैसर्गिक सालीत सुटं एलॅजिक ॲसिड थोडंच असतं, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका संशय जास्त घ्यावा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अमेरिकेतल्या बाजारातले २७ डाळिंब सप्लिमेंट पाहिले गेले. डाळिंबाचं खरं टॅनिन चित्र फक्त ५ मध्ये सापडलं. १७ मध्ये प्रामुख्याने एलॅजिक ॲसिड, आणि ५ मध्ये दोन्ही नाही. तेव्हा डाळिंब अर्काच्या लेबलवर प्युनिकॅलाजिन शोधा. आमच्या मते ताजं डाळिंब सोलून खाणं हा कधीही बरा सौदा, पण तो वेगळा विषय.

अश्वगंधातही टक्के वाढवायला पानं घालता येतात, कारण पानात विथाफेरिन ए हा विथानोलाइड जास्त असतो. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पानं वापरू नका असं उत्पादकांना कळवलं. लेबलवर "मूळ" स्पष्ट लिहिलेलं हवं.

टक्के कसे मोजले हेही महत्त्वाचं. ब्राह्मीची तीच पावडर यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) पद्धतीने "५० टक्के बाकोसाइड्स" (ब्राह्मीतले सक्रिय घटक) दाखवते आणि एचपीएलसी यंत्रावर घातली की आकडा निम्म्याहून खाली येतो. यूव्हीत प्रकाश-शोषणाने सारखेच वाटणारे इतर घटकही मोजले जातात. एचपीएलसी एकेक घटक वेगळा करते. दोन डब्यांची तुलना करायची तर दोन्हींची पद्धत एकच असली पाहिजे.

"एका मात्रेत" हे न वाचणं

पुढे "६०० मिग्रॅ", मागे "एक मात्रा: २ कॅप्सूल". डबीत ६० कॅप्सूल असतील तर महिनाभरच पुरतील. किंमत काढताना दिवसाच्या मात्रेतल्या सक्रिय घटकाच्या मिलिग्रॅमवर काढा.

फरक नाही म्हणून डोस दुप्पट करणं

आधी हे तपासा: चूर्ण घेताय की अर्क, मात्रा पूर्ण होतेय का, आणि किती दिवस झाले. अश्वगंधाचे अभ्यास बहुधा आठ आठवड्यांचे असतात. आठवड्यात निकाल मागू नका. कर्क्युमिन तसंही कमी शोषलं जातं, ते जेवणासोबत, थोड्या तेला-तुपाबरोबर घ्या. म्हणूनच कंपन्या त्यात काळ्या मिरीतलं पिपरीन घालतात. बंगळुरूतल्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिग्रॅ पिपरीन दिल्यावर शोषण २,००० टक्क्यांनी वाढलं. पण पिपरीन तुमच्या दुसऱ्या गोळ्यांचंही शोषण वाढवतं. फेनिटॉइन (फिट्सची), प्रोप्रॅनोलॉल (बीपीची), थिओफिलिन (दम्याची) गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नकोच. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर कुठल्याही अर्काचं तेच.

ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य सक्रिय घटक) घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. अश्वगंधा आणि कर्क्युमिनच्या अर्कांनीही काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही दिसलं तर डबी बंद करा आणि ती सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.

डबी कुठे ठेवता

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर. पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवलेल्या डबीची छापील मुदत धरून चालू नका. पावसाळ्यात पावडरीचा गोळा झाला तर माल्टोडेक्स्ट्रिनने ओल धरली असं समजा. आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका.

शंका असेल तर डबीवरचा बॅच नंबर देऊन कंपनीकडे त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. त्यात वनस्पतीचा भाग, मोजण्याची पद्धत, सक्रिय घटकाचा टक्का, शिसं-पारा-आर्सेनिक आणि जंतूंची तपासणी असायला हवी. अहवालावरचा बॅच नंबर तुमच्या डबीवरच्या नंबराशी जुळवून बघा. उत्तरात नुसतं रंगीत ब्रोशर आलं तर पुढची डबी दुसऱ्या कंपनीची घ्या.