मैफलीच्या जुन्या कॅसेटी जमवाव्यात का?

जमवाव्यात, पण निवडून. जुन्या ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात ख्याल कसला रंगणार? खासगी मैफलीत तोच गवई तासभर एक राग मांडतो, मध्येच तबलजीला दाद देतो. मला ते श्रोत्यांच्या खोकल्यांसकट चालतं. विकतबिकत मात्र घेऊ नका. गवयाला न विचारता झालेल्या ध्वनिमुद्रणाचा धंदा मला पटत नाही.

कॉपीची कॉपी टाळा, मूळ टेप कुणाकडे आहे ते शोधा. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून वरचे टॅब तोडा, प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. संगणकावर डब्ल्यूएव्हीतच, म्हणजे आवाज न आकसणाऱ्या फाइलीतच, घ्या. मग पेटीवर ताडून पाहा: गवयाच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा सूर चढा लागला, तर टेप बहुधा जलद पळतेय. राग, साथीदार, साल तिथल्या तिथे लिहा.