३.३५ मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं लिबरेटर बॉम्बरचं मॉडेल फ्लॅटमध्ये कसं बांधावं

मॉडेलचा नकाशा उघडण्याआधी टेप हातात घ्या. इमारतीची लिफ्ट, जिन्याचं वळण आणि गाडीची मागची जागा मोजा. मी ठाण्यात कोलशेतला सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये उभं धरून बरंच काही जातं, पण आमच्या छोट्या गाडीत मागची सीट पाडल्यावर १ मीटर ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू मावत नाही. माझ्या मॉडेलचे किती तुकडे होणार, हे या एका आकड्याने ठरवलं. मोठी मॉडेलं बांधताना लोक इंजिनापासून किंवा रंगापासून सुरुवात करतात. माझं ठाम मत आहे की सुरुवात गाडीच्या डिकीपासून आणि वजनाच्या वहीपासून करावी. या दोन गोष्टी पहिल्या आठवड्यात चुकल्या, तर पुढची दीड-दोन वर्षं त्या भोगाव्या लागतात.

कोणतं विमान?

महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर म्हटलं की बहुतेकांना लँकेस्टर किंवा फ्लाइंग फोर्ट्रेस आठवतं. मी बी-२४ लिबरेटर निवडलं, कारण हे विमान आपलंही आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरी तळावर ही विमानं मोडतोड करून टाकून दिली होती. १९४८ साली हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती उडण्याजोगी केली आणि बंगळूरला नेऊन पूर्ण दुरुस्त केली. हवाई दलाचा ५ क्रमांकाचा स्क्वाड्रन त्यांवरच उभा राहिला. पुढे ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पुण्याहून समुद्रावर टेहळणी केली, तीही याच विमानांतून. १९६८ पर्यंत ती आपल्याकडे उडत होती. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आज जे लिबरेटर आहे, ते भारतानेच १९७४ साली दिलेलं.

बांधणाऱ्याच्या दृष्टीनेही ते सोयीचं आहे. धड उभ्या सपाट बाजूंचं आहे, त्यामुळे शीटिंग (सांगाड्यावरचं पातळ लाकडी आवरण) वळवायला त्रास कमी. पुढे नाकाखाली चाक असल्यामुळे जमिनीवर सरळ धावतं. बॉम्ब-बेचे दरवाजे तर दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत बाजूने वर जातात. अडचण पंखाची आहे. हा पंख लांब आणि अरुंद आहे, आणि वेग पडला की अरुंद टोक आधी दगा देतं. त्यावरचा उपाय पुढे येईल.

मूळ विमानाचे पंख ३३.५ मीटर आणि लांबी साधारण २०.५ मीटर. एक दशांश प्रमाणात पंख ३.३५ मीटर, धड दोन मीटरच्या जरा वर आणि पंखाचं क्षेत्रफळ ०.९७ चौरस मीटर येतं. मूळ प्रोपेलर साडेतीन मीटर व्यासाचा, म्हणजे आपल्याकडे १४ इंची प्रोपेलर. बाजारात १४ इंची प्रोपेलर सहज मिळतो, म्हणून मी दुसरं प्रमाण शोधलंच नाही.

पंखाचे तीन भाग करा: मधला १.३ मीटर, बाहेरचे दोन प्रत्येकी एक मीटरच्या जरा वर. आतल्या दोन मोटारी मधल्या भागात राहतील, बाहेरच्या दोन बाहेरच्या भागांत. धड पंखाच्या मागे कापून दोन तुकड्यांत बोल्टने जोडा.

वजनाची वही

एक वही करा आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कायमचा टेबलावर आणून ठेवा. घरच्यांसाठी दुसरा घ्या. माझं लक्ष्य उड्डाणाला तयार अवस्थेत साडेदहा किलो होतं. ढोबळ वाटणी अशी होती: लाकडी सांगाडा आणि शीटिंग सव्वापाच किलो, बॅटऱ्या दीड किलो, मोटारी, ईएससी (मोटारींचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) आणि प्रोपेलर मिळून ११०० ग्रॅम, चाकं आणि त्यांची यंत्रणा ९०० ग्रॅम, सर्वो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारी) साडेचारशे, वायरिंग आणि रिसीव्हर अर्धा किलो, फायबरग्लास आणि रंग अर्धा किलो. उरलेले तीनेकशे ग्रॅम चुकांसाठी.

साडेदहा किलोला हे मॉडेल ताशी ४० किलोमीटरच्या आसपास हवेत टिकणं सोडतं. १४ किलो झालं तर तोच वेग ४६ च्या घरात जातो. ओबडधोबड मैदानावर उतरताना हे सहा किलोमीटर नाकाचं चाक मोडायला पुरेसे आहेत. शेपटीकडे तर काटेकोर राहा. तिथे वाढलेला एक ग्रॅम तोल साधायला नाकात दीड-दोन ग्रॅम मागतो.

बाल्सा या हलक्या लाकडाचं प्रत्येक फळकूट काट्यावर ठेवा. ३ मिलिमीटर जाडीचं, १० सेंटिमीटर रुंद, मीटरभर लांब फळकूट ३० ग्रॅमचंही निघतं आणि ६० ग्रॅमचंही. दिसायला दोन्ही सारखीच. हलकी शेपटीला आणि पंखाच्या टोकांना वापरा, मध्यम रिबना (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या), आणि जड फळकुटं चाकांभोवती आणि जोडांपाशी.

बांधणी

बांधायला सपाट पाट हवा. सुताराकडून साधा फ्लश डोअर घ्या आणि दोन टेबलांवर ठेवा. तो वाकत नाही, त्यावर टाचण्या घुसतात, आणि काम संपल्यावर भिंतीला उभा करता येतो. फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या चौकटी) आणि रिबांचे आकार संगणकावर काढून वागळे इस्टेट किंवा महापे-तुर्भे भागातल्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या. आधी एकच फॉर्मर कापून घ्या आणि त्याच्या खाचेत प्लायचा तुकडा बसवून पाहा. मी थेट पूर्ण संच कापून आणला. प्लाय ३ ऐवजी २.७ मिलिमीटर निघाला आणि साठ-सत्तर खाचा सैल पडल्या. प्रत्येकीत पट्टी भरत बसावं लागलं आणि शंभरेक ग्रॅम एपॉक्सी फुकट चढलं.

धडाचे उभे दोन अर्धे भाग करून बांधा. बाजूचा नकाशा पाटावर लावा, मधल्या उभ्या रेषेवर पट्ट्या टाचा आणि अर्धे फॉर्मर त्यावर काटकोनात उभे करा. एका बाजूचं शीटिंग पूर्ण झालं की पाटावरून उचला आणि दुसरे अर्धे फॉर्मर चिकटवा. या पद्धतीत धड पिळत नाही.

पंखात घाई करू नका. मूळ लिबरेटरचा डेव्हिस पंख फार जाड आहे. मॉडेलला मी मुळाशी थोडा जाड केलेला आणि टोकाला साधा क्लार्क वाय नावाचा छेद (पंखाचा आडवा आकार) वापरला. स्पार (पंखाचा कणा) म्हणजे सरळ रेषांच्या पाईनच्या १० × ६ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, एक वर आणि एक खाली. त्यांना जोडणारी बाल्साची उभी पट्टी, म्हणजे वेब, लावताना लाकडाच्या रेषा उभ्या ठेवा. रेषा आडव्या ठेवल्या तर पंखावर भार येताच वेब चिरते. बाहेरचे भाग २५ मिलिमीटरच्या कार्बन नळीवर बसतात. नळी दोन्हीकडे २५-२५ सेंटिमीटर आत जाऊ द्या.

आता टोकाच्या दग्याचा उपाय. बाहेरचा भाग पाटावर टाचलेला असतानाच, शीटिंग करण्याआधी, टोकाच्या रिबची मागची कडा साडेपाच मिलिमीटर उचलून खाली पट्टी ठेवा. १६ सेंटिमीटरच्या रिबला एवढ्याने दोन अंशांचा पीळ मिळतो. मुळापासून टोकापर्यंत हा पीळ सावकाश वाढत गेला पाहिजे. मग वेग पडला तर आधी मुळाकडची उचल जाईल आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) शेवटपर्यंत ऐकतील. डावा आणि उजवा पीळ मोजून सारखे आहेत का, हे दोनदा तपासा. शीटिंग झाल्यावर ते बदलता येत नाहीत.

पावसाळ्यातल्या कामाचं वेगळं वेळापत्रक ठेवा. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत बाल्सा ओलावा पितो, म्हणून साठा झाकणाच्या पेटीत सिलिका जेलसह ठेवा. सीए हा झटपट चिकटणारा गोंद दमट हवेत भराभर धरतो, त्याची बाटली घट्ट बंद हवी. एपॉक्सीवर ओल्या हवेत चिकट, मेणासारखा थर येतो. त्यावर दुसरा थर दिला तर तो सोलून निघतो. कोमट पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून, पॉलिशपेपर मारूनच पुढे जा. मी सांगाड्याचं काम पावसात करतो आणि फायबरग्लास, रंग दिवाळीनंतर. धडावर २५ ग्रॅमचं कापड पुरतं, आणि कापडाच्या वजनाइतकंच एपॉक्सी. जादाचं जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा.

वीज: इथे मी एक विमान गमावलंय

चार ब्रशलेस मोटारी घ्या, ४०० केव्हीच्या (व्होल्टमागे मिनिटाला ४०० फेरे), सहा सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर). १४ × ८ च्या दोन पात्यांच्या प्रोपेलरला प्रत्येक मोटार पूर्ण थ्रॉटलला साधारण २४ अँपिअर खाते. चौघी मिळून २००० वॉटच्या पुढे जातात आणि साडेदहा किलोला तेवढं पुरतं. मूळ विमानाला तीन पाती होती. ती प्रदर्शनासाठी लावा. ईएससी किमान ४० अँपिअरचे, मी ६० चे घेतले.

या आधी मी एक छोटं चार इंजिनी मॉडेल केलं होतं. वायर सोपी पडावी म्हणून डाव्या दोन मोटारी एका बॅटरीवर आणि उजव्या दोन दुसरीवर ठेवल्या होत्या. हवेत डावीकडचा कनेक्टर निसटला. उजव्या दोन्ही मोटारी पूर्ण जोरात होत्या. मी थ्रॉटल खाली घेईपर्यंत विमान डावीकडे उलटून जमिनीत गेलं होतं. आठ महिन्यांचं काम दोन सेकंदांत संपलं. म्हणून ही जोडणी लक्षात ठेवा: एका बॅटरीवर बाहेरच्या दोन मोटारी, दुसरीवर आतल्या दोन. कोणतीही बॅटरी गेली तरी उरलेला जोर दोन्ही बाजूंना सारखा राहतो आणि विमान सरळ खाली आणता येतं.

बॅटरी ते ईएससी वायर आखूड ठेवा. लांबी वाढवायचीच असेल तर ईएससी ते मोटार या बाजूला वाढवा. बॅटरीकडच्या लांब वायरमुळे व्होल्टेजचे झटके बसून ईएससी जळतात. पंखाच्या जोडापाशी मोटारीचे तीन बुलेट कनेक्टर येतात. त्यांना तीन रंगांच्या नळ्या चढवा, कारण कोणतेही दोन अदलाबदल झाले की मोटार उलटी फिरते. रिसीव्हरला स्वतंत्र बॅटरी द्या आणि चारही ईएससींच्या सर्वो-वायरमधली लाल तार काढून टाका.

लायपो कधीही एकटी सोडून चार्ज करू नका. बाल्कनीत, फरशीवर, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून करा. आठवडाभर उडवणार नसाल तर प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

बाकी सर्वो, फ्लॅप, चाकांची यंत्रणा कोणत्याही मोठ्या मॉडेलसारखीच. मूळ विमानाचे फ्लॅप मागे सरकत खाली येतात. मी साधे बिजागरीचे केले आणि मला त्याची खंत नाही. रंगाला मी चंदेरी धातूचा रंग आणि हवाई दलाचं १९५० नंतरचं चक्र घेतलं: बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं.

कुठे उडवायचं

ठाण्यात नाही. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात येतं, खाडीकाठी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई असे दोन विमानतळ आहेत. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टी केली होती. तिच्यावर लिबरेटर उतरवायचा मोह मलाही होतो, पण ती जमीन संरक्षण खात्याची आहे, तिथे जाऊ नका.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलोचं मानवरहित विमान लघु वर्गात येतं. त्याला नोंदणी क्रमांक लागतो. रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट फक्त सर्वांत लहान नॅनो वर्गाला आणि बिगर-व्यावसायिक मायक्रो वर्गाला आहे. लाकूड आणण्याआधीच हे मार्गी लावा. जागा ठरवताना सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. हिरव्या भागात उंचीची मर्यादा ४०० फूट, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, तेही पाहा. आम्ही मुरबाडच्या पुढे, मालकाची लेखी परवानगी घेऊन, शंभर-सव्वाशे मीटर सपाट माळावर जातो. भातकापणीनंतरची खाचरं लांबून सपाट दिसतात, पण बांध आणि ढेकळांनी नाकाचं चाक मोडतं.

पहिलं उड्डाण

तोल सरासरी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) २५ टक्क्यांवर हवा. या पंखाची सरासरी कॉर्ड ३१ सेंटिमीटर आहे, म्हणजे तिच्या पुढच्या कडेपासून ८ सेंटिमीटर मागे. बॅटऱ्या नाकात सरकवून हे साधा, शिसं शेवटचा उपाय. दोन माणसांनी पंखाखाली बोटं धरून विमान उचलावं. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपटी झुकली तर घरी न्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसात-आठची वेळ घ्या. ट्रान्समीटरची रेंज-चाचणी चारही मोटारी चालू ठेवून करा. एलेरॉन, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), शेपटीवरचे दोन्ही रडर (दिशा वळवणारे) कोणत्या बाजूला हलतात, हे दुसऱ्या माणसाला मोठ्याने बोलायला लावा. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत सावकाश वाढवा, विमान स्वतः हलकं होईपर्यंत थांबा, मग एलिव्हेटर अगदी थोडा. वळणं रुंद घ्या आणि त्यांत थ्रॉटल कमी करू नका. एखादी मोटार थांबली तर सगळ्यात आधी थ्रॉटल खाली, मग सरळ रेषेत समोर उतरा. परत फिरायचा विचारही नको. उतरताना थोडी पॉवर ठेवून, नाक जरा वर, मुख्य चाकांवर टेकवा.

पहिल्या उड्डाणाला टायमर चार मिनिटांचा. उतरल्यावर प्रत्येक बॅटरीत किती मिलिअँपिअर-तास परत भरले गेले, ते वहीत वेगवेगळं लिहा. आमच्या पहिल्या दिवशी आतल्या जोडीच्या बॅटरीत बाहेरच्यापेक्षा ४०० जास्त गेले. उजव्या आतल्या मोटारीचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. ते बदलून पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तेव्हा फरक ६० वर आला होता.