फायनान्ससाठी पदवीचे महाविद्यालय निवडताना

बारावीचा निकाल जवळ आला की कोल्हापुरातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या घरी एक ठरलेली चर्चा सुरू होते: मुलाला किंवा मुलीला फायनान्समध्ये जायचे आहे, तर इथेच ठेवावे, पुण्याला पाठवावे की मुंबईला? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. फायनान्समधील नेमके कोणते काम करायचे आहे, याचा निदान ढोबळ अंदाज आधी बांधला, तर निम्मी महाविद्यालये यादीतून आपोआप गळतात आणि बरेचदा घराजवळचे एखादे महाविद्यालय यादीत नव्याने येते.

लेखापरीक्षण आणि करसल्ला हे एक काम, कंपनीच्या वित्त विभागात खेळत्या भांडवलाचा (रोजच्या व्यवहारांना लागणाऱ्या पैशाचा) आणि कर्जांचा हिशेब सांभाळणे हे दुसरे, शेअर बाजारातील कंपन्यांचे विश्लेषण हे तिसरे आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणे आणि त्यांच्या खरेदी-विक्रीत सल्ला देणे, हे चौथे. पहिल्या कामासाठी सी.ए. होणे हाच राजमार्ग आहे आणि तिथे पदवीच्या महाविद्यालयाचे नाव फारसे कोणी विचारत नाही. चौथ्या कामासाठी मात्र मोठ्या संस्था मोजक्याच ठिकाणी उमेदवार शोधतात, त्यामुळे तिथे नावाला खरोखर किंमत आहे.

सी.ए. करायचे असेल, तर शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील साधे बी.कॉम. पुरेसे आहे, हे मी निःसंकोचपणे सांगतो. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट ही परीक्षा आणि तिचे दोन्ही ग्रुप (विषयगट) सुटल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, जी २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत दोन वर्षांची आहे, असा हा क्रम असतो. अशा विद्यार्थ्याने महाविद्यालयात पहिली चौकशी वेळापत्रकाची करावी. सकाळी वर्ग आटोपतात का, उपस्थितीचे नियम किती कडक आहेत आणि विद्यापीठाच्या परीक्षा सी.ए.च्या परीक्षांवर येऊन आदळतात का, हे तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलांना विचारले तर खरे उत्तर मिळते.

बी.बी.ए. किंवा बी.एम.एस. या व्यवस्थापनाच्या पदव्यांकडे वळणाऱ्यांनी एक बदल लक्षात घ्यायला हवा. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सी.ई.टी. (राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा) सुरू झाली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी जवळपास तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास) अशा नावाने चालू ठेवला, ज्याला ही सी.ई.टी. लागत नाही. त्यामुळे पाटीवरील नावापेक्षा विषयांची यादी पाहावी. फीच्या बाबतीत मात्र नावाला महत्त्व आहे. त्याच वर्षापासून राज्य शासनाने केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले असून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे. मुलीचा प्रवेश असेल, तर आपला अभ्यासक्रम या सवलतीत बसतो का, हे कार्यालयातून स्पष्ट करून घ्यावे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत लागू नाही.

राज्याबाहेरचे किंवा राष्ट्रीय पातळीवरचे दरवाजे अकरावीतच उघडतात किंवा बंद होतात आणि त्यांची किल्ली म्हणजे गणित. वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असल्याने अनेक मुले ते सोडून देतात. पुढे दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्र ऑनर्स किंवा बी.एम.एस.साठी सी.यू.ई.टी. (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) देताना गणित लागते, हे त्यांना उशिरा कळते. आय.आय.एम. इंदूरने २०११ मध्ये सुरू केलेल्या पाच वर्षांच्या एकात्मिक (पदवी आणि एम.बी.ए. एकत्र) अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षाही गणितावरच तोललेली आहे.

आता नोकऱ्यांविषयी. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सर्वोच्च पॅकेज छापलेले असते आणि ते एकाच विद्यार्थ्याचे असते. त्याकडे दुर्लक्ष करून एन.आय.आर.एफ. या केंद्र शासनाच्या मानांकनासाठी संस्थेने स्वतः भरलेली माहिती शोधावी. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांना ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तीन वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात किती जणांना प्रवेश दिला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यम पगार किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे रकाने असतात. मध्यम पगार म्हणजे नोकरी लागलेल्यांना पगाराच्या क्रमाने उभे केल्यास मधोमध उभ्या असलेल्याचा पगार. समजा १२० जण उत्तीर्ण झाले आणि नोकरी ३० जणांनाच लागली, तर तो मध्यम पगार त्या ३० जणांचा आहे, उरलेल्या ९० जणांविषयी तो काहीच सांगत नाही. त्यांतील ७० जण उच्च शिक्षणाला गेले असतील, तर चित्र पुन्हा बदलते. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. मग महाविद्यालयाला विचारावे, की कंपन्यांनी कोणत्या कामासाठी मुले घेतली? क्रेडिट कार्ड आणि विमा विकण्याच्या नोकऱ्याही ‘फायनान्स’ या शीर्षकाखाली मोजल्या जातात.

अभ्यासक्रम तपासताना मी एकच कसोटी लावतो: मुलांना खरा ताळेबंद वाचायला लावतात का? याबाबतीत कोल्हापूरची मुले नशीबवान आहेत. साखर कारखान्याचेच पाहा. गळीत हंगाम थंडीच्या चार-पाच महिन्यांत उरकतो, उसाचे पैसे कायद्याने १४ दिवसांत द्यायचे असतात आणि साखर मात्र वर्षभर हळूहळू विकली जाते. मधली फट भरायला कारखाना गोदामातील साखर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतो, त्यावर व्याज चढते आणि साखरेचा दर घसरला की बँक तारणाचे मूल्य कमी धरते. खेळते भांडवल, मालसाठ्याचे मूल्यांकन, व्याजाचा भार हे सारे धडे कारखान्याच्या एका वार्षिक अहवालात सापडतात. जिल्ह्यातील कारखाना, नागरी सहकारी बँक किंवा उद्यमनगरातील एखादी फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) घेऊन मुलांकडून असे प्रकल्प करून घेणारे साधे महाविद्यालय मला चकचकीत इमारतीपेक्षा जास्त मोलाचे वाटते. मुंबईचा खरा फायदा वेगळा आहे: सुट्टीची वाट न पाहता, वर्ग सांभाळून इंटर्नशिप करता येते.

खर्चाचा हिशेब फीवर थांबवू नये. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून खेड्यांतल्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, तिथल्याच मुलांना आता मुंबईत कॉटबेसिसवर (एका खाटेपुरती) जागा शोधावी लागते, आणि ते भाडे कधीकधी फीच्या पुढे जाते. फी, भाडे, मेस आणि प्रवास धरून तीन वर्षांची बेरीज करावी. ती त्या महाविद्यालयाच्या मध्यम वार्षिक पगाराच्या दुपटीहून अधिक येत असेल, तर कर्ज काढण्यापूर्वी थांबावे, हा माझा आडाखा आहे. तेच पैसे पुढे चांगल्या संस्थेतील एम.बी.ए.साठी राखून ठेवता येतात.

अंतिम दोन-तीन नावे उरली, की कामाच्या दिवशी तिथे जाऊन यावे आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलावे, शक्यतो पालकांनी थोडे लांब उभे राहून.