कमावता मुलगा घरात आणि हाऊसिंग बेनिफिट कमी: या चुका टाळा

हाऊसिंग बेनिफिट म्हणजे ब्रिटनमधली काउन्सिल (तिथली नगरपालिका) घरभाड्यासाठी देते ती मदत. तिथे निवृत्त झालेल्या आपल्या लोकांची ही ठरलेली तक्रार: "मुलगा आमच्यात राहायला आला आणि काउन्सिलने हाऊसिंग बेनिफिट कापला. अहो, आम्ही त्याच्याकडून एक पेनी घेत नाही!" घेत नसाल, पण काउन्सिल ते विचारतच नाही. घरातल्या १८ वर्षांवरच्या माणसाने भाड्याला हातभार लावावा असं नियमच धरून चालतो आणि तेवढी रक्कम वजा करतो. अशा माणसाला नॉन-डिपेंडंट म्हणतात. २०२४-२५ मध्ये त्याच्या मिळकतीप्रमाणे ही कपात आठवड्याला १९.३० पौंडांपासून १२४.५५ पौंडांपर्यंत होती. तेव्हा "घरच्या पोराकडून कसले पैसे घ्यायचे?" हा मोठेपणा महागात पडतो. कपातीचा आकडा मुलाला दाखवा आणि तेवढं तरी मागा.

दुसरी चूक संकोचाची. मुलाकडे पगाराची स्लिप मागायची कशी, म्हणून फॉर्मवरचा त्याच्या मिळकतीचा रकाना कोराच राहतो. पुरावा नसला की काउन्सिल बहुधा सर्वात वरचा दर लावून मोकळी होते. स्लिप हातात आली की टॅक्स कापण्याआधीचा आकडा बघा. बँकेत जमा होणारा इथे कामाचा नाही. कामाचे तासही मोजा. आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी काम असेल तर पगार कितीही असो, सर्वात खालचाच दर लागतो. मुलगा आणि सून दोघं राहत असतील तर कपात एकदाच होते, मात्र दर ठरवताना दोघांची मिळकत एकत्र धरतात.

तुम्हाला किंवा जोडीदाराला अटेंडन्स अलाउन्स (वयस्कांना देखभालीच्या गरजेसाठी मिळणारा भत्ता) मिळत असेल तर कपात मुळीच होत नाही, घरात कितीही मोठी माणसं असोत. पिपमधला (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे आजार-अपंगत्वासाठीचा भत्ता) डेली लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या कामांसाठीचा, भाग मिळत असेल तरीही तेच. काउन्सिलला हे आपोआप कळेल या भरवशावर राहू नका, मंजुरीच्या पत्राची प्रत पाठवा.

भारतातून चार महिने राहायला आलेली बहीण नॉन-डिपेंडंट ठरत नाही, तिचं घर तिकडे आहे. कोणी विचारलंच तर परतीचं तिकीट दाखवता येतं.

(युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कामाच्या वयातल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, हिशेब निराळा: तिथे मिळकत न बघता एकच ठरलेली रक्कम कापतात, तीही २१ वर्षं पूर्ण झाल्यावर.)

तुमचं वय ६५ च्या पुढे असेल तर घरात माणूस आल्याचं लगेच कळवायचं, पण कपात २६ आठवड्यांनंतर सुरू व्हायला हवी. ती आधीच सुरू झाली असेल तर निर्णयाच्या पत्रावरची तारीख बघा आणि एका महिन्याच्या आत लेखी फेरविचार मागा.