लातूरहून पुण्याला बी.कॉम. बदली: कागद कुठे अडतात आणि कसे सुटले

लातूरहून पुण्याला जाताना नुसतं कॉलेज नाही, विद्यापीठही बदलतं. लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात येतं. म्हणून टीसीसोबत (कॉलेज सोडल्याचा दाखला) मायग्रेशन सर्टिफिकेटही, म्हणजे जुन्या विद्यापीठाचा स्थलांतराचा दाखलाही, लागतो. लातूरहून नांदेडच्याच कॉलेजात जायचं तर ही भानगड नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी टीसी काढणं. टीसी घेतली की जुनी जागा गेली, आणि पुण्यात दुसऱ्या वर्षाला जागा नसली तर वर्ष वाया. आधी दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत नव्या कॉलेजला दाखवा, जागा असल्याचं लेखी घ्या, मगच टीसीचा अर्ज करा. एटीकेटी, म्हणजे नापास विषय, राहिली असेल तर ती आधी सोडवा.

माझं अडलं ते क्रेडिटवर, म्हणजे पास झालेल्या विषयांसाठी जमा होणाऱ्या श्रेयांकांवर. डिजिलॉकरमधून एबीसी खातं (हे क्रेडिट जमा होतात ती अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) उघडलं तर क्रेडिट शून्य! आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, गुणपत्रिकेवर फक्त आद्याक्षर. परीक्षा विभागाला आधारची प्रत जोडून नावदुरुस्तीचा अर्ज दिला, तेव्हा क्रेडिट दिसले. हे टीसीच्या आधीच तपासा.

फायनान्ससाठी जाताय तर कॉलेजला विचारा: बी.कॉम.ची मुलं नेमक्या कोणत्या कामावर लागली? बँकेची खाती विकणं वेगळं, कर्जाची छाननी करणं वेगळं. सीए करायचं असेल तर घाई नको. वाणिज्य पदवीला 55 टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला नोंदणी करता येते, मग कॉलेज लातूरचं का असेना.