लीफलेटच्या नकाशावर जिओजेसनचा थर दिसतच नाही: माझा अनुभव

लीफलेट (वेब नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून बीडजवळच्या विहिरींचा वेब नकाशा करत होतो. विहिरींची ठिकाणं जिओजेसन फाइलमध्ये, म्हणजे नकाशावरच्या जागा मजकुरात साठवणाऱ्या फाइलमध्ये होती. लक्षण असं: मागचा नकाशा नीट उघडतो, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकही एरर नाही, पण विहिरीचा एक ठिपका दिसेल तर शपथ! रंग बदलले, कॅश काढली, लीफलेटची आवृत्ती बदलली. डोकं पार उठलं.

शेवटी जिओजेसन फाइल नोटपॅडमध्ये उघडली. लीफलेटला जागा अंशांत लागते, म्हणजे बीडसाठी 75.76 (रेखांश), 18.99 (अक्षांश) च्या आसपासचे आकडे हवेत. तिथे होते 5,80,000 आणि 21,00,000 च्या घरातले. म्हणजे अंश नव्हेत, यूटीएमचे (पृथ्वीचे पट्टे, म्हणजे झोन पाडून जागा मीटरमध्ये मोजणारी पद्धत) मीटर.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थर उघडला. सोबत सीआरएस (आकडे कोणत्या पद्धतीतले ते सांगणारी निर्देशांक प्रणाली) लिहिलेली नसली की क्यूजीआयएस जिओजेसनला ईपीएसजी:4326, म्हणजे अंशांतले रेखांश-अक्षांश, धरून चालतं, म्हणून आधी 'सेट लेयर सीआरएस'मधून ईपीएसजी:32643 (बीडच्या यूटीएम झोनचा कोड) नेमली. (किनवटकडे 78 रेखांशापलीकडे पुढचा झोन, म्हणजे 32644 लागतो.) याने फक्त पाटी बदलते, आकडे तेच राहतात, इथेच थांबू नका. पुढे थरावर राइट क्लिक, एक्सपोर्ट, सेव्ह फीचर्स ॲज. फॉरमॅट जिओजेसन, सीआरएस ईपीएसजी:4326, ओके.

नवी फाइल पुन्हा नोटपॅडमध्ये तपासा: आधी रेखांश, मग अक्षांश. कोडमध्ये थर जोडल्यावर गेटबाउंड्सने मिळालेली सीमा फिटबाउंड्सला द्या. नकाशा थेट विहिरींवर जातो.