वॉचमन एक, जागा दोन: फासा टाकून कसं ठरवायचं

सोसायटीत रात्री वॉचमन एकच आणि सांभाळायच्या जागा दोन असल्या की बहुतेक ठिकाणी तो एकतर पार्किंगलाच खुर्ची टाकून बसतो नाहीतर रोज ठरलेल्या वेळी राऊंड मारतो, आणि चोर चार दिवस पाळत ठेवून नेमकं तेच हेरतो. म्हणून आधी हे धरूनच चाला की आपली पद्धत त्याला कळणार. गेम थिअरीत, म्हणजे समोरचा काय करेल ते धरून आपली चाल ठरवायच्या गणितात, याला श्टाकेलबर्ग गेम म्हणतात, आधी आपली चाल, मग ती बघून त्याची.

आता जागांना मार्क द्या, म्हणजे चोरी झाली तर किती फटका बसेल. समजा पार्किंगला ६, पंपरूमला ३, आणि वॉचमन असेल तिथे चोरी होत नाही असं धरू. वेळ अशी वाटायची की चोराला दोन्हीकडे सारखंच मिळेल: दोन तृतीयांश वेळ पार्किंगला दिला तर उरतो ६ चा तिसरा हिस्सा म्हणजे २, आणि एक तृतीयांश पंपरूमला दिला तर ३ पैकी २. कायम पार्किंगलाच बसवला असता तर पंपरूममधून ३ गेले असते!

पण ही वाटणी म्हणजे टाइमटेबल नव्हे, इथेच लोक चुकतात. दर तासाला फासा टाका, १ ते ४ पडलं तर पार्किंग, ५ किंवा ६ पडलं तर पंपरूम, आणि सलग तीनदा पार्किंग आलं म्हणून मनाने बदलू नका प्लीज.

लॉस एंजेलिस एअरपोर्टवर २००७ मध्ये कॉम्प्युटर संशोधक मिलिंद तांबे यांच्या टीमचं आर्मर नावाचं सॉफ्टवेअर आलं, ते रस्त्यावरचे चेकपॉइंट आणि टर्मिनलमधली श्वानपथकं याच हिशोबाने लावायचं. आणि हो, सोसायटीत नवीन गाड्या किंवा नवी मोटर आली की मार्क परत द्या.